वाहिनी चार्ज होण्यापूर्वी: विद्युत संरक्षण यंत्रणेच्या कमिशनिंग चाचण्या

विजेच्या यंत्रणेतील बहुतेक भाग आपली चूक स्वतःच सांगतात. मोटर उलटी फिरली तर पंप पाणी नीट उचलत नाही, रोहित्र तापले तर तापमापकाचा काटा चढतो, सैल झंपर रात्री ठिणग्या टाकतो. संरक्षण यंत्रणेचे तसे नाही. चुकीच्या जोडणीचा रिलेही पॅनेलवर हिरवा दिवा लावून उभा राहतो, पडद्यावर आकडे दाखवतो आणि वर्षानुवर्षे कुणाला शंका येऊ देत नाही. त्याचे खरे काम वर्षाकाठी एखाद्या सेकंदाचे, पुष्कळदा त्याहूनही कमी. तो सेकंद येईपर्यंत जोडणी बरोबर आहे की नाही, हे रोजच्या वापरातून सहसा कळत नाही. म्हणून नवी वाहिनी, नवे रोहित्र किंवा नवा जनित्रसंच पहिल्यांदा चार्ज करण्यापूर्वी आणि केल्यानंतर लगेच संरक्षणाची कसून तपासणी करावी लागते. या तपासणीला कमिशनिंग चाचण्या हेच नाव सगळीकडे रूढ आहे.

रिले हा संरक्षणाचा एक दुवा. त्याच्या अलीकडे प्रवाह मोजणारे सीटी आणि दाब मोजणारे पीटी असतात, त्यांच्यापासून पॅनेलपर्यंत येणाऱ्या केबली असतात. पलीकडे ट्रिपचा हुकूम नेणारे डीसी मंडल, त्याला जिवंत ठेवणारी बॅटरी, ब्रेकरची ट्रिप कॉइल आणि शेवटी उघडणारे ब्रेकरचे संपर्क. रिले कारखान्यातून तपासून येतो, सीटीबरोबर चाचणीचा दाखला येतो, ब्रेकरही आपापला तपासलेला असतो. पण ही सारी साखळी एकत्र जोडली जाते ती प्रथमच जागेवर, पॅनेल लावणाऱ्यांच्या आणि केबल ओढणाऱ्यांच्या हातून. चुका होतात त्या तिथे. त्यामुळे वाहकातल्या प्रवाहापासून ब्रेकर उघडण्यापर्यंत अख्खी साखळी तपासली, तरच कमिशनिंग झाले असे म्हणता येते. एकट्या रिलेची चाचणी ही तिची सुरुवात आहे.

बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक हे या विषयासाठी फार चांगले उदाहरण आहे. शिवनगरला माळेगाव सहकारी साखर कारखाना आहे आणि त्याला सहवीजनिर्मितीची जोड आहे. अशीच रचना नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात सोमेश्वरनगरला आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगरलाही दिसते. अशा कारखान्याच्या एका आवारात बगॅसवर चालणारा बॉयलर, वाफेचा टर्बाइन, जनित्र, रोहित्रे, मिलच्या मोटरी आणि राज्याच्या जाळ्याला जोडणारी वाहिनी एकत्र नांदतात. भोवती कृषिपंपांच्या वाहिन्या पसरलेल्या असतात. मोठ्या वीजकेंद्रात लागणारे जवळजवळ प्रत्येक संरक्षण इथे लहान प्रमाणावर लागते. शिवाय गावातच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वर्गात शिकवली जाणारी सूत्रे इथे हाकेच्या अंतरावर कामाला लागलेली असतात.

साखर कारखान्याचे वर्ष चाचण्यांना सोयीचे आहे, तसे अडचणीचेही. गळीत हंगाम संपला की उन्हाळ्या-पावसाळ्यात दुरुस्त्या आणि नवी उभारणी चालते. मग बॉयलर अग्निप्रदीपन आणि गव्हाणीत मोळी टाकण्याचा दिवस ठरतो. तो दिवस सहसा हलत नाही. उभारणीला उशीर झाला की कापले जातात ते चाचण्यांचे दिवस, कारण त्या शेवटी येतात आणि त्यांचा अभाव डोळ्यांना दिसत नाही. ही सवय घातक आहे. चाचण्यांचे वेळापत्रक उभारणीच्या वेळापत्रकाबरोबरच ठरले पाहिजे आणि प्रत्येक टप्पा पुरा झाल्यावर त्याच्या चाचण्या तिथेच उरकल्या पाहिजेत.

काम सुरू होते ते कागदांपासून. एकरेषीय आराखडा, वायरिंगची चित्रे, सीटीच्या पाट्यांवरचे आकडे आणि मंजूर सेटिंग तक्ता हे चारही एकमेकांशी जुळतात का, हे आधी पाहायचे. नंतर केबलीचा प्रत्येक गाभा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातत्य तपासून चित्रावर रंगाने खुणावायचा. हे काम कंटाळवाणे असते, म्हणून ते नवख्या माणसाकडे सोपवले जाते. वास्तविक पुढच्या निम्म्या अडचणी इथेच पकडता येतात. ५०० व्होल्टच्या मेगरने दुय्यम वायरिंगचे इन्सुलेशन मोजताना अंकीय रिले मंडलातून बाजूला काढावे लागतात, नाहीतर त्यांच्या इलेक्ट्रॉनिक भागांना इजा होते. पावसाळ्यानंतरची ओल आणि बगॅसची बारीक भुकटी यांमुळे कारखान्यातील टर्मिनल बॉक्सचे वाचन अनेकदा खाली येते. तेव्हा बॉक्स साफ करून, हीटर लावून ते पुन्हा घ्यायचे. केबलच्या खंदकातून पॅनेलमध्ये येणारी भोकेही त्याच वेळी बुजवायची. उंदरांनी कुरतडलेली वायर हा पुस्तकात न सापडणारा, पण प्रत्येक वायरमनला माहीत असलेला बिघाड आहे.

सीटीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. संरक्षणाचे डोळे तेच. गुणोत्तर, ध्रुवता, चुंबकन वक्र, गुंडाळीचा रोध आणि जोडलेला भार या पाच गोष्टी प्रत्येक गाभ्यासाठी वेगळ्या मोजायच्या. ध्रुवतेची जुनी चाचणी आजही उत्तम आहे. प्राथमिक बाजूला लहान बॅटरीचा क्षणभर स्पर्श करायचा आणि दुय्यम बाजूला जोडलेल्या मध्य-शून्य मापकाचा काटा कोणत्या बाजूला झेप घेतो ते पाहायचे. अशा डीसी झटक्याने गाभ्यात चुंबकत्व उरते. म्हणून नंतर एसी दाब चढवून हळूहळू शून्यावर आणायचा आणि गाभा निश्चुंबक करायचा. चुंबकन वक्र काढताना ज्या बिंदूपाशी दाब १० टक्के वाढवल्यावर चुंबकन प्रवाह ५० टक्के वाढतो, तो गुडघाबिंदू. बिघाडाच्या प्रचंड प्रवाहात सीटी त्या बिंदूपलीकडे गेला की रिलेला दिसणारे चित्र विकृत होते.

एका सीटीत मोजमापाचा गाभा आणि संरक्षणाचा गाभा शेजारी शेजारी असतात. मोजमापाचा गाभा मीटरला वाचवण्यासाठी लवकर संपृक्त होतो, संरक्षणाचा उशिरा. दोहोंच्या वायरी अदलाबदल झाल्या तर नेहमीच्या भाराला दोन्ही मापके बरोबर आकडे दाखवतात. चूक उघडी पडते ती थेट शॉर्टसर्किटच्या वेळी, रिले आंधळा झाल्यावर. चुंबकन वक्र हीच चूक आधी पकडतो. सीटीच्या दुय्यम मंडलाला अर्थिंग एकाच ठिकाणी असावे आणि चालू स्थितीत ते मंडल कधीही उघडे राहू नये. उघड्या टोकांवर काही हजार व्होल्ट उभे राहू शकतात आणि ते माणसाच्या जिवावर बेतते.

रिलेला बाहेरून प्रवाह व दाब देऊन तपासणे म्हणजे सेकंडरी इंजेक्शन. यात सेटिंगवर रिले उचलतो का आणि ठरल्या वेळी सुटतो का, हे पाहतात. प्रवाह वाढेल तसा वेळ कमी होणाऱ्या नेहमीच्या आयडीएमटी वक्रात वेळेचा गुणक १ असेल तर सेटिंगच्या दुप्पट प्रवाहाला सुमारे १० सेकंद, पाचपट प्रवाहाला सुमारे ४.३ सेकंद आणि दहापट प्रवाहाला सुमारे ३ सेकंद लागतात. गुणक ०.१ ठेवला तर पाचपटीला ०.४३ सेकंद. कारखान्याचा रिले इतक्या वेळात सुटत असेल, तर त्याच बिघाडासाठी उपकेंद्रातील वाहिनीच्या रिलेने आणखी साधारण ०.३ सेकंद थांबले पाहिजे. नाहीतर कारखान्यातील एका केबलच्या बिघाडापायी त्या वाहिनीवरची सगळी गावे अंधारात जातात. वक्रावरचा एकच बिंदू तपासून भागत नाही. निदान तीन बिंदू घ्यायचे आणि ते प्रत्यक्ष बिघाड-प्रवाहाच्या पट्ट्यातले निवडायचे.

न सुटण्याची चाचणी मात्र हमखास विसरली जाते. रिलेला जास्तीत जास्त भाराचा प्रवाह आणि खालावलेला दाब एकदम देऊन तो शांत राहतो की नाही, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ या दोन्ही दिवशी देशाच्या वीजजाळ्याचा मोठा भाग कोसळला, त्याची सुरुवात बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीपासून झाली. त्या वाहिनीवर बिघाड नव्हता. भार खूप वाढलेला, दाब उतरलेला. बिघाडाचे अंतर ओळखणाऱ्या अंतरमापी रिलेच्या तिसऱ्या, म्हणजे दूरच्या बिघाडांसाठीच्या, कक्षेला तो भारच दूरचा बिघाड वाटला आणि त्याने वाहिनी तोडली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचा सुमारे ४८,००० मेगावॅट भार गेला. रिले आपल्या सेटिंगप्रमाणे अचूक वागला होता, म्हणूनच ही घटना चाचणी घेणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. सेटिंग बरोबर भरले आहे का या प्रश्नाशेजारी ते सेटिंग इथल्या भाराला सोसवते का, हा प्रश्नही चाचणीत यायला हवा.

ट्रिप मंडलाची तपासणी त्या मानाने सरळ आहे. प्रत्येक रिलेच्या प्रत्येक ट्रिप संपर्कातून ब्रेकर खरोखर उघडून दाखवायचा. दिवा लागला म्हणून समाधान मानायचे नाही. बॅटरीवर चार्जर बंद ठेवून भार देऊन पाहायचे, कारण बिघाडात एसी पुरवठा गेलेला असतो आणि त्या क्षणी ११० व्होल्टची ती बॅटरीच सारा आधार असते. कमी डीसी दाबालाही ट्रिप कॉइल ओढली गेली पाहिजे. ब्रेकरचे तिन्ही ध्रुव किती मिलिसेकंदांत आणि किती एकसमयी उघडतात, हे टायमरवर मोजायचे. ५० हर्ट्झच्या पद्धतीत एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, त्यामुळे इथे दहा मिलिसेकंदांचा फरकही नोंदवण्यासारखा आहे. ब्रेकर न उघडल्यास मागचा ब्रेकर उघडणारी योजनाही याच वेळी प्रत्यक्ष चालवून पाहायची.

रोहित्राच्या विभेदी संरक्षणाची स्थिरता चाचणी जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. विभेदी रिले रोहित्राच्या दोन्ही बाजूंचे प्रवाह जुळवून पाहतो. जितके आत गेले तितके बाहेर आले तर गप्प बसायचे, फरक पडला तर तत्काळ तोडायचे. ३३/११ केव्हीचे १० एमव्हीए रोहित्र धरले तर पूर्ण भाराला वरच्या बाजूला १७५ अँपिअर आणि खालच्या बाजूला ५२५ अँपिअर वाहतात. सीटी २००/१ आणि ६००/१ घेतले तर दोन्हींकडून रिलेला ०.८७५ अँपिअर मिळतात. कागदावर हिशोब जुळला. जागेवर जुळला की नाही, हे ३३ केव्ही न देता कळण्याची एक सुंदर युक्ती आहे. ११ केव्ही बाजूच्या सीटींच्या पलीकडे तिन्ही फेज जाड तारेने शॉर्ट करायच्या आणि ३३ केव्ही बाजूला साधा ४१५ व्होल्टचा थ्री फेज पुरवठा द्यायचा. रोहित्राची प्रतिबाधा ८ टक्के असेल, तर वरच्या बाजूला सुमारे २७.५ आणि खालच्या बाजूला सुमारे ८२.५ अँपिअर वाहतील. दोन्ही सीटींतून रिलेकडे येणारा प्रवाह सुमारे १३७ मिलिअँपिअर. एवढ्यासाठी २० केव्हीएच्या आसपास शक्ती लागते, म्हणजे आवारातल्या साध्या पुरवठ्यावर किंवा लहान डिझेल जनित्रावर काम होते.

हा प्रवाह पूर्ण भाराच्या १६ टक्क्यांच्या घरातला. रिलेचे सेटिंग २० टक्के असेल तर जोडणी चुकली असूनही तो सुटेलच असे नाही, म्हणून नुसता रिले सुटला नाही एवढे पाहून चाचणी पास म्हणणे ही मोठी फसगत. पडद्यावरचे आकडे वाचायचे. विभेदी प्रवाह शून्याजवळ हवा आणि आरपार जाणारा प्रवाह हिशोबाइतका. मग शॉर्ट काढून सीटीच्या आतल्या बाजूला लावायचा. आता खालचे सीटी रिकामे राहतात आणि विभेदी प्रवाह हिशोबाइतका चढला पाहिजे. पहिल्या चाचणीने रिले उगाच सुटणार नाही याची खात्री होते, दुसरीने आतल्या बिघाडाला तो पाहू शकतो याची. एखाद्या सीटीची ध्रुवता उलटी असेल किंवा डेल्टा-स्टार रोहित्रातील ३० अंशांचा फरक रिलेमध्ये उलट्या दिशेने भरला असेल, तर पहिल्याच वाचनात विभेदी प्रवाह ठळक उठून दिसतो. ही चाचणी टाळली तर तीच चूक ऑफ सीझनला लपून राहते, कारण भार कमी असतो. हंगाम भरात आला, मिल पूर्ण क्षमतेने फिरू लागल्या, की एके रात्री रोहित्र कारण न देता तुटते. मग तेलाचे नमुने, केबलीची मेगरिंग, सारी शोधाशोध होते आणि दोन वायरींच्या अदलाबदलीपर्यंत पोहोचायला दिवस लागतात.

जनित्राला याशिवाय उलट शक्ती, उत्तेजन हरपणे, स्टेटरचा अर्थ फॉल्ट अशी स्वतःची संरक्षणे असतात. त्यांच्या इंजेक्शन चाचण्या ठरलेल्या पद्धतीने होतात. जाळ्याशी सिंक्रोनाइझ करण्याची जोडणी मात्र वेगळी काळजी मागते. एका बाजूच्या पीटीची ध्रुवता उलटी असेल तर सिंक्रोस्कोपचा काटा बारावर आला असताना प्रत्यक्षात दोन दाब १८० अंशांनी विरुद्ध असतात. त्या क्षणी ब्रेकर जोडला तर टर्बाइनच्या शाफ्टवर आणि गुंडाळ्यांवर भयंकर आघात होतो. उपाय सोपा आहे. जनित्राच्या लिंक काढून त्याचा बसबार जाळ्याच्या बाजूने जिवंत करायचा, म्हणजे दोन्ही पीटींना एकच दाब मिळतो. आता सिंक्रोस्कोपने बारावर स्थिर राहिलेच पाहिजे. राहिला नाही, तर चूक वायरिंगमध्ये आहे आणि ती सापडेपर्यंत जनित्र जोडायचे नाही.

सहवीज कारखान्यात खरी परीक्षा होते ती जाळे गेल्यावर. वाहिनी उपकेंद्रातून तुटली तर क्षणभर कारखान्याचे एकटे जनित्र भोवतीच्या भारालाही वीज देऊ लागते. वारंवारता घसरते. त्याच वेळी वाहिनी बंद आहे असे समजून कुणी वायरमन पोलवर चढलेला असू शकतो. म्हणून कारखान्याने जाळ्यापासून ताबडतोब सुटे व्हायचे, ही पहिली अट. सुटे झाल्यावर शक्य तर स्वतःच्या भारावर चालू राहायचे, ही दुसरी. बॅक प्रेशर टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफच रस तापवायला आणि आटवायला जाते. टर्बाइन थांबला की वीज जाते आणि पाठोपाठ सारा बॉयलिंग हाउस अडतो. आवारात उभ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर तसेच राहतात आणि तोडलेल्या उसातील साखर तासागणिक उतरते. कमी वारंवारता, वारंवारता बदलण्याचा वेग आणि दाब यांवर चालणारी ही बेटयोजना इंजेक्शनने तपासली जाते. पण तेवढ्याने गव्हर्नर भार सांभाळतो की नाही हे कळत नाही. त्यासाठी ठरलेल्या वेळी, वीज कंपनीला कळवून, बेताचा भार असताना जाळ्याचा ब्रेकर मुद्दाम उघडून पाहावा लागतो. कोणते भार आधी सोडायचे, याचा क्रमही तेव्हाच पक्का होतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगर परिसरातील वीजपुरवठा कोसळला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. शहराला वाचवण्यासाठी आखलेली बेटव्यवस्था त्या दिवशी अपेक्षेप्रमाणे शहर सांभाळू शकली नाही. मोठ्या शहराची योजना जिथे अपुरी पडते, तिथे एका कारखान्याची योजना कागदावर विश्वासून सोडणे धाडसाचे आहे.

विद्युत निरीक्षकांची परवानगी आणि वीज कंपनीची संमती मिळाल्यावर चार्जिंग होते. इथे पुष्कळ जण चाचण्या संपल्या असे मानतात. खरे तर सर्वांत मोलाची चाचणी पुढेच आहे. इंजेक्शनसाठी उघडलेल्या लिंका, शॉर्ट केलेले सीटी, काढलेल्या वायरी यांतले काहीतरी परत जोडायचे राहून जाते. चाचणी घेताना चाचणीनेच मागे ठेवलेली चूक आधीच्या कोणत्याच चाचणीत सापडू शकत नाही. भारावरचे मोजमाप ती पकडते. प्रत्येक सीटी गाभ्याचा प्रवाह, प्रत्येक फेजचा दाब आणि त्यांच्यातील कोन मोजून ते प्रत्यक्ष शक्तीप्रवाहाशी ताडून पाहायचे. न्यूट्रलमधला प्रवाह जवळजवळ शून्य आणि विभेदी प्रवाह नगण्य असायला हवा. शॉर्ट राहिलेला सीटी इथे शून्य वाचन देऊन लगेच पकडला जातो.

साखर कारखान्यात ही चाचणी दोनदा करावी लागते. चार्जिंगच्या वेळी जनित्र बंद असते आणि कारखाना जाळ्याकडून वीज घेतो. हंगामात तो जाळ्याला वीज देतो. दिशादर्शक रिले, उलट शक्तीचा रिले आणि मीटर या तिघांनाही दिशेचे भान हवे. घेण्याच्या दिशेने कोन बरोबर आले, तरी निर्यात सुरू झाल्यावर ते पुन्हा मोजायचे. पहिल्या निर्यातीच्या दिवशी सत्काराच्या गडबडीत हे दुसरे मोजमाप राहून जाऊ नये, म्हणून ते वेळापत्रकात नावानिशी लिहिलेले असावे.

शेवटचा भाग नोंदींचा. रिलेतून काढलेली अंतिम सेटिंग फाइल, दुरुस्त वायरिंग चित्रे, सीटीचे वक्र, ब्रेकरचे काळ आणि भारावरचे कोन हे सारे तारखेसह, मोजणाऱ्याच्या सहीने ठेवायचे. सगळ्या आकड्यांच्या जागी ‘समाधानकारक’ एवढाच शेरा असलेला अहवाल निरुपयोगी असतो. पुढच्या माणसाला तुलनेसाठी मोजलेला आकडा लागतो. जुना आकडा नव्या भाराशी न ताडण्याची किंमत मोठी असू शकते. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातील ओंटारिओत सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले, ते नायगारा येथील सर ॲडम बेक केंद्रातील एका पाठीराख्या रिलेपायी. त्याचे सेटिंग लावले तेव्हा पुरेसे होते. वाहिनीवरचा भार वाढत गेला, सेटिंग तिथेच राहिले.

त्यामुळे भार, सीटी, वाहिनीची लांबी, उपकेंद्राची बिघाड-क्षमता किंवा रिलेचे फर्मवेअर यांपैकी काहीही बदलले की त्या भागाचे कमिशनिंग नव्याने करावे लागते. कारखान्याने गाळपक्षमता वाढवली, दुसरा टर्बाइन बसवला, तर जुन्या पॅनेलचीही गणिते बदलतात. भारतीय विद्युत ग्रिड संहिता २०२३ नुसार २२० केव्ही आणि त्यावरील यंत्रणांसाठी दरवर्षी अंतर्गत आणि पाच वर्षांतून एकदा त्रयस्थ संरक्षण तपासणी ठरवून दिली आहे. ३३ केव्हीवरच्या कारखान्यासाठी ऑफ सीझन हाच सोयीचा काळ. दरवर्षी इंजेक्शन, ट्रिप आणि बॅटरीच्या चाचण्या त्या काळात घ्यायच्या, वाचने पहिल्या कमिशनिंगच्या आकड्यांशी ताडून पाहायची आणि मोळी टाकल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, निर्यात स्थिर झाल्यावर, भारावरचे कोन पुन्हा मोजून त्याच नोंदवहीत लिहायचे.